'गोपनीय' आणि 'खासगी' : माहिती अधिकाराच्या संदर्भात नेमका कोणता शब्द?

प्रश्न : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये लोकांच्या हरकती-सूचनांसाठी खुला झाला होता. त्याचा माहिती अधिकारावर काय परिणाम होतो, हे सांगणारं टिपण मराठीत लिहितो आहे. 'प्रायव्हसी' आणि 'कॉन्फिडेन्शियल' या दोन्हींसाठी वर्तमानपत्रांत सर्रास 'गोपनीयता' दिसतं. तेच चालवावं का?

प्रतिसाद : चालवू नये. 'गुप्त' म्हणजे झाकलेलं, लपलेलं. गुप्तधन, गुप्त मतदान. 'गोपनीय' हे पूजनीय, वाचनीय यांच्या जातीचं: राखण्याजोगं, झाकून ठेवण्यास योग्य. म्हणजे ते योग्य आहे, असं कुणीतरी ठरवलेलं असतं. पाकिटावर 'गोपनीय' असा शिक्का मारणारा अधिकारी असतो, मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात. ठरवणारा असला की त्याला कारण विचारता येतं. 'खासगी'चं तसं नाही, ते माणसाचं स्वतःचं असतं. म्हणून 'प्रायव्हसी' हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या 2017च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणणं मला पटत नाही. तो खासगीपणाचा अधिकार आहे.

प्रतिसाद : आणि 'वैयक्तिक' हा तिसरा शब्द विसरू नका, खरी मेख तिथेच आहे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 8(1)(ञ)मध्ये, इंग्रजी प्रतीतल्या 'जे' खंडात, पूर्वी माहिती नाकारायला ती नुसती 'वैयक्तिक' असून भागत नसे. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा ती दिल्याने खासगीपणात विनाकारण घुसखोरी व्हावी, अशी अट होती. व्यापक जनहित असेल तर ती देताही येई. संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3)ने हे सगळं काढलं आणि नोव्हेंबर 2025मध्ये तो बदल अमलात आला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटावरचं नावसुद्धा वैयक्तिकच की! जनहितासाठी माहिती देण्याची कलम 8(2)ची वाट शिल्लक आहे, पण तिथे जनहित नुकसानीपेक्षा मोठं ठरावं लागतं. तेव्हा टिपणात 'खासगी' आणि 'वैयक्तिक' कृपा करून एकमेकांच्या जागी वापरू नका. माझा पगार ही वैयक्तिक माहिती आहे. तो सरकारी तिजोरीतून येत असेल तर खासगी नाही.

प्रश्नकर्ता : पटलं. मसुद्याच्या निवेदनात आणखी एक गोष्ट होती. आलेल्या सूचना इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय 'फिड्युशरी' नात्याने स्वतःकडे ठेवील आणि कोणत्याही टप्प्यावर कुणालाही उघड करणार नाही. याला 'गोपनीय' म्हणू?

प्रतिसाद : 'विश्वासाश्रित' म्हणा. वकील-अशील, डॉक्टर-रुग्ण अशा नात्यासाठी हा शब्द आहे. एकाने विश्वासाने दिलेलं दुसऱ्याने त्याच्याच भल्यासाठी सांभाळायचं. कलम 8(1)(ङ)मध्ये हीच सूट आहे. न्यायालयांनी ती ताणू दिलेली नाही: परीक्षा मंडळ उत्तरपत्रिका विश्वासाश्रित नात्याने बाळगत नाही, असं 2011मध्ये ठरलं, रिझर्व्ह बँक आणि इतर बँकांमध्ये असं नातं नाही, हे 2015मध्ये. कायदा घडवण्यासाठी जाहीर आवाहन करून मागवलेल्या सूचना या नात्यात कशा बसतात, हे मला अजिबात उमगत नाही. कोणत्या कंपनीने काय मागितलं, हे लोकांना कळायलाच हवं. टिपणात 'सूचना उघड न करण्याचं मंत्रालयाने ठरवलं' असं सरळ वाक्य लिहा, म्हणजे कर्ता दिसेल.