टायर प्रेशरचा दिवा लुकलुकतोय, चारही सेन्सर बदलू का?

कात्रजकर:
गाडी 2017 ची, सेन्सर कंपनीचेच. सकाळी चालू केली की पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटूनच राहतो. पंपावर चारही चाकांत हवा भरली, तरी तेच. स्क्रीनवर मागच्या डाव्या चाकापुढे आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसतात. शोरूमवाले चारही बदला म्हणतात. टायर झिजलेत, ते बदलायचेच आहेत. भाऊ गणपतीला अमेरिकेहून येतोय, तिकडून सेन्सर मागवू का?

सिंहगड_रोड:
काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, एबीएस म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेत चाकाचा वेग मोजतात, त्यावरून हवेचा अंदाज घेतात. तिथे हवा भरून रीसेट केलं की झालं. पण तुमच्या स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा येतो, म्हणजे सेन्सर आत आहेत.

कराडचा_टायरवाला:
अमेरिकेतून अजिबात मागवू नका. तिकडच्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर 315 मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडे 433. रिमवर बसेल, हवाही धरेल, पण गाडीला त्याचा सिग्नलच मिळणार नाही.

दिवा आधी लुकलुकून मग पेटून राहतो, म्हणजे तक्रार हवेची नाही, यंत्रणेची आहे. हवा कमी असती तर तो थेट पेटला असता. त्या चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपली असणार. पाच ते दहा वर्षं टिकते, आणि वरून रेझिन ओतून बंद केलेली असते. कोणी कापून नवी सोल्डर करून देतो म्हणालं तर ऐकू नका. हायवेच्या वेगात तो तुकडा टायरच्या आत सुटायला नको.

टायर बदलणारच आहात, तर सेन्सर चारही बदला. एकाच वयाचे आहेत, बाकीचेही मागोमाग जातील, आणि उघडझाप नि बॅलन्सिंगची मजुरी पुन्हा पडेल. टायर नवे असते तर एकच बदला म्हटलं असतं.

टायर काढताना मशीनपाशी स्वतः उभे राहा. सेन्सर व्हॉल्व्हच्या मागेच, रिमला चिकटून असतो. बीड म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, ती दाबणारं पातं तिथे आलं की सेन्सर खटकन तुटतो. पातं व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लावायला सांगा, आणि सेन्सरच्या व्हॉल्व्हचा नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्यानेच आवळून घ्या. व्हॉल्व्हची पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गंजून चिकटते आणि काढताना व्हॉल्व्हच हातात येतो. कोकणातून येणाऱ्या गाड्यांत हे फार बघतो, जीव तुटतो.

कात्रजकर:
खूप आभार, दादा. भावाला नाही म्हणून कळवतो. पंक्चरचं लिक्विड भरून ठेवलं तर चालेल?

कराडचा_टायरवाला:
नको. सेन्सरला हवा मोजायचं बारीक भोक असतं, ते लिक्विडने बुजू शकतं. आणि टायर घ्यायला जाण्याआधी दुकानात फोन करून विचारा, सेन्सरचे नंबर गाडीत भरायचं मशीन आहे का. काही गाड्या थोडं चालवल्यावर नवे सेन्सर स्वतः ओळखतात, काहींना मशीन लावावंच लागतं. गाडी कुठली, मॉडेल कोणतं, ते कळवा, म्हणजे तुमच्या गाडीचं नेमकं सांगतो.