स्वीडिश 'देमा': आधी निवाडा, मग शिक्षा

स्वीडिश 'देमा' या क्रियापदाला कोशात 'शिक्षा ठोठावणे' एवढाच प्रतिशब्द देणं मला पटत नाही. (उच्चार नेमका 'दे' नाही, ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून 'ए' म्हणायचा.) शिक्षा हा त्याचा एक उपयोग झाला, गाभा निवाडा देण्याचा आहे. फुटबॉल सामन्यात पंचगिरी करणं हेही 'देमा'च, आणि न्यायाधीश काय नि पंच काय, दोघेही 'दोमारे'. गावकीतल्या आणि क्रिकेटच्या पंचाला एकाच नावाने हाक मारणाऱ्या आपल्याला हे सहज कळावं.

आता कुळाकडे. 'दोम' म्हणजे निवाडा. या नामापासून आद्य-जर्मानिक (स्वीडिश, इंग्रजी, आइसलँडिक यांची समान पूर्वज भाषा) काळात 'दोमियन'सारखं क्रियापद झालं. त्यातल्या 'इ-य'ने आधीच्या 'ओ'ला स्वतःकडे ओढलं, म्हणून नामात 'ओ' टिकला आणि क्रियापदात तो गोल 'ए' आला. याचा सुंदर पुरावा फिनिशमध्ये आहे. त्या भाषेने हा शब्द इतका आधी उसना घेतला की तिथे 'तुओमिता' या क्रियापदातही जुना स्वर शाबूत आहे! आइसलँडिकमध्ये मूळ जर्मानिक क्रियापदाचं 'दाइमा' झालं. इंग्रजीतलं 'डीम' हे याचंच भावंड, आणि 'डूम' हे त्यांचं नाम.

त्याही मागे 'ठेवणे, स्थापणे' अर्थाचा इंडो-युरोपीय धातू आहे. संस्कृतातला 'धा' तोच. म्हणजे आपले विधी, विधान, विधाता याच गोतावळ्यातले. जे घालून दिलं, ठरवून ठेवलं, तो 'दोम'.

रूपांत एक जागा जपायची. स्वीडिशमध्ये देमेर (वर्तमान), देम्दे (भूत). डॅनिश आणि बोकमोलमध्ये (नॉर्वेजियनचं एक लेखी प्रमाणरूप) भूतकाळाला 'द'ऐवजी 'त', म्हणजे 'देम्ते'. स्वीडिशमध्ये 'हान हार देम्त' म्हणजे त्याने निवाडा दिला आहे, पण 'हान एर देम्द' म्हणजे तो दोषी ठरला आहे. शेवटच्या एका व्यंजनाने न्यायाधीशाचा आरोपी होतो, तेव्हा लिहिताना हात सैल सोडू नये.

उपसर्ग लागले की छटा स्पष्ट होतात. 'बेदेमा' म्हणजे मूल्यमापन करणे. शिक्षक विद्यार्थ्याचं काम तपासतो ते हेच, त्यात दंडाचा लवलेश नाही. 'फेरदेमा' मात्र धिक्कारणे. त्यामुळे कोशात पहिला अर्थ 'निवाडा देणे', दुसरा 'पंचगिरी करणे', आणि 'शिक्षा ठोठावणे' त्यानंतर, असा क्रम मी लावेन.