भोर–महाड रस्ता : वरंध घाटातील कावळ्या किल्ला
भोर सोडल्यावर महाडपर्यंत या रस्त्यावर थांबण्याजोगे काहीच नाही, हे अनेकांचे मत मला अर्धेच पटते. गावे लहान व विरळ आहेत खरी, आणि नीरा-देवघर धरणाच्या काठचा वळणांचा टप्पा कंटाळवाणाही होतो. परंतु वरंध घाटातील वाघजाई मंदिरापाशी आपण चहा-भजीसाठी गाडी उभी करतो ती जागा मुळात कावळ्या किल्ल्याच्या पोटातली आहे, कारण घाटरस्ता काढताना किल्ल्याची डोंगरधार कापली गेली आणि त्याचे दोन भाग झाले. जवळच कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण बहुतेकांचे लक्ष भज्यांवर (आणि भज्यांवर टपलेल्या माकडांवर) असते.

पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंद ठेवतात, त्यामुळे तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी, अन्यथा ताम्हिणी घाटाचा वळसा घ्यावा लागतो.