जुनं रंधा मशीन: घरी आणावं की भंगारात द्यावं?

गोदाकाठचा: नाशिकच्या भद्रकालीतलं मामांचं सुतारकामाचं दुकान बंद झालं. तिथलं ९ इंची रंधा मशीन भंगारवाला किलोच्या भावात मागतोय. मी ते घरी आणून चालू करणार आहे. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलावर गंज चढलाय, पण सरळपट्टी ठेवली तर खालून कागदसुद्धा जेमतेम सरकतो. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ केले. हायड्रोजन निघतो म्हणून अंगणात, उघड्यावर. पॉझिटिव्हला साधं लोखंडच लावलं. स्टेनलेस लावलं तर पाणी विषारी होतं. बीड जी थरथर पोटात घेतं, ती पत्र्याच्या नव्या मशीनला जमत नाही. अशी मशीनं वितळवायला देणं मला पटत नाही.

अंबडचा फिटर: ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, चौकोनी आहे की गोल?

गोदाकाठचा: चौकोनी.

अंबडचा फिटर: मग माझा ठाम विरोध. चौकोनी ब्लॉक आणि टेबलाची कड यांच्यात मोठी फट पडते, हात निसटला की बोट आत ओढलं जातं. गोल ब्लॉकची फट अरुंद असते. जखम तिथेही होते, पण एवढी खोल नाही. माझ्या वडिलांची उजव्या हाताची दोन बोटं अशाच ब्लॉकने नेली. आजही ते शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात. घरात लहान मुलं असतील तर हा विषय इथेच संपवा.

पंचवटीकर: फिटरदादा, तुमचं दुःख समजतं, पण दोष सगळा मशीनचा नाही. दुकानांत गार्ड, म्हणजे पात्यांवरचं संरक्षक झाकण, काढूनच काम चालायचं. वाडे पाडले की निघणाऱ्या सागाच्या तुळया मी रंधतो. एखादा खिळा आत राहिला तर नव्या मशीनचं पातंही तितकंच उडतं. मी आधी चुंबक फिरवतो, मगच रंध्यावर लाकूड. सवय सांभाळते, मशीनचं वय नाही.

अंबडचा फिटर: सवय वडिलांनाही होती. तीस वर्षांची.

सातपूरवाला: वीज घरात सिंगल फेज असणार. जुनी मोटर थ्री फेज असेल आणि तिच्या प्लेटवर डेल्टा (जोडणीचा एक प्रकार) २३० व्होल्ट लिहिलं असेल तर व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज वीज करून देणाऱ्या यंत्रावर, चालेल, जुनी मोटर टाकू नका. १४४० फेऱ्यांच्या मोटरला ६ इंची पुली आणि ब्लॉकला अडीच इंची घातली, तर ब्लॉक मिनिटाला ३,४५६ फेरे घेतो. त्या वेगात पाती समान वजनाची नसली की बेअरिंग जातं. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

गोदाकाठचा: फिटरदादा, तुमचं वाचून काल रात्री ब्लॉक उतरवला. चौकोनी ब्लॉक आता वापरणार नाही. टेबल आणि पाया ठेवतो, त्यात बसेल असा गोल ब्लॉक नवा करून घेतो. बाकी मशीन भंगारात जाणार नाही, यावर मी ठाम आहे.

अंबडचा फिटर: घरी मशीन असावं, हे मला अजूनही मान्य नाही. पण ब्लॉक करणारच असाल तर बॅलन्स करून घ्या, आणि गार्ड बसेपर्यंत पट्टा चढवू नका. बेअरिंगच्या घराचं माप टाका, मी बघतो.