'व्होटिंग रेकॉर्ड'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ब्रिटनचे माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांच्या संसदीय कारकिर्दीवरील एका इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ लेखाचा भर त्यांच्या 'व्होटिंग रेकॉर्ड'वर आहे. भाषांतरात त्याचे 'मतदानाचा विक्रम' झाले आहे, ते चूक आहे हे उघड आहे. परंतु त्याऐवजी नेमके काय लिहावे, हे मला ठरवता येत नाही. त्याच भाषांतरात क्लार्क यांना 'माजी संसदपटू' म्हटले आहे आणि सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी 'प्रतोदपद गमावले' असेही एक वाक्य आहे. हे दोन्ही प्रयोग मला खटकतात, मात्र पर्याय सुचत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर

आपल्या तिन्ही शंका रास्त आहेत. त्यांतली शेवटची सर्वांत गंभीर आहे, कारण तिथे केवळ शब्द चुकलेला नाही, तर घटनाच बदलली आहे. त्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

इंग्रजीत 'व्हिप' या एकाच शब्दाला संसदेच्या संदर्भात तीन अर्थ आहेत. पहिला अर्थ व्यक्तीचा: आपल्या पक्षाच्या सदस्यांना सभागृहात हजर ठेवणारा आणि पक्षाच्या बाजूने मत देण्यास लावणारा पदाधिकारी. यासाठी मराठीत 'प्रतोद' हा शब्द रुळलेला आहे. 'तुद्' म्हणजे टोचणे, त्यापासून प्रतोद. गीतेच्या ध्यानश्लोकात सारथी श्रीकृष्णाच्या हाती असलेले 'तोत्र'ही त्याच धातूचे. इंग्रजी शब्दामागे शिकारीच्या वेळी कुत्र्यांना कळपात ठेवणारा माणूस आहे, तर आपल्या शब्दामागे घोडे किंवा बैल हाकणारा आहे. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर प्रतोद हा आसुडापेक्षा शेतकऱ्याच्या हातातल्या पराणीला अधिक जवळचा आहे, आणि त्या पदाच्या कामाचे वर्णन म्हणून मला तो मूळ इंग्रजी शब्दाइतकाच नेमका वाटतो.

दुसरा अर्थ आदेशाचा. कोणत्या विषयावर केव्हा मतदान आहे आणि हजेरी कितपत आवश्यक आहे, हे कळवणारे पत्रक प्रतोद आपल्या सदस्यांना पाठवतात. ब्रिटनमध्ये या पत्रकातील प्रत्येक विषयाखाली एक, दोन किंवा तीन रेघा ओढण्याची पद्धत पडली आणि त्यावरून 'थ्री-लाइन व्हिप' हा प्रयोग आला. आपल्याकडे यासाठी 'पक्षादेश' हा चांगला शब्द आहे. तेव्हा तीन रेघांच्या व्हिपला 'सक्त पक्षादेश' म्हणावे. रेघांची गंमत वाचकापर्यंत पोहोचवायची असेल, तर 'तीन रेघी पक्षादेश' म्हणून एकदा खुलासा करावा.

तिसरा अर्थ मराठीत कोणी वेगळा केलेला नाही आणि आपल्या भाषांतरकाराची फसगत तिथेच झाली आहे. ब्रिटनमध्ये एखाद्या सदस्याकडून 'व्हिप काढून घेतला' म्हणजे त्याला संसदीय पक्षातून बाहेर काढले. त्याची खासदारकी कायम राहते, परंतु तो सभागृहात अपक्ष म्हणून बसतो. ३ सप्टेंबर २०१९ रोजी करार न करता युरोपीय संघातून बाहेर पडण्यास अटकाव करणारे विधेयक आणता यावे, म्हणून सभागृहाचे कामकाज सरकारच्या हातून काढून घेण्याचा प्रस्ताव ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी संमत झाला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्या, तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर (कॉन्झर्वेटिव्ह) पक्षाच्या २१ सदस्यांना पक्षाने असे बाहेर काढले. त्यांत क्लार्क होते. त्यावेळी ते प्रतोद नव्हते. मात्र पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारच्या काळात, १९७२ पासून, ते खरोखरच प्रतोद होते, त्यामुळे 'प्रतोदपद गमावले' हे वाक्य वाचणाऱ्या माहीतगार माणसालाही ते खरे वाटेल. चूक धडधडीत असती तर निदान लक्षात आली असती. ही चूक खऱ्याच्या शेजारी उभी आहे. इथे 'त्यांना संसदीय पक्षातून काढण्यात आले' असे सरळ लिहावे. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला २१ पैकी १० जणांना परत घेण्यात आले, त्यांत क्लार्क नव्हते. त्या वाक्यातही 'व्हिप' आणण्याची गरज नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे आणखी एक गैरसमज निर्माण होऊ शकतो. आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. महाराष्ट्रात तर २०२२ नंतर 'खरा प्रतोद कोणाचा' हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ११ मे २०२३ च्या निकालात प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे घटनापीठाने सांगितले. हे सर्व ताजे असल्यामुळे 'पक्षादेश मोडला' हे वाचताच आपला वाचक अपात्रतेची वाट पाहू लागतो. ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही. क्लार्क यांच्या मतांचे मोल समजायचे, तर हा फरक एका वाक्यात तरी सांगावाच लागेल.

आता 'संसदपटू'. मराठीत हा गौरवाचा शब्द आहे; 'उत्कृष्ट संसदपटू' असा पुरस्कार दिला जातो. पटुत्व संपत नाही, म्हणून 'माजी संसदपटू' हा प्रयोग तर्काला धरून नाही. 'माजी खासदार' चालेल, परंतु क्लार्क यांच्याबाबतीत 'हाऊस ऑफ कॉमन्सचे माजी सदस्य' हे अधिक काटेकोर होईल. रशक्लिफ मतदारसंघातून १९७० ते २०१९ असे सलग निवडून येऊन ते निवृत्त झाले आणि २०२० मध्ये संसदेच्याच वरिष्ठ सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, गेले. त्यामुळे ते संसदेचेच 'माजी' ठरतील असे शब्द टाळावेत.

मूळ प्रश्न 'व्होटिंग रेकॉर्ड'चा. मराठीत 'रेकॉर्ड' हा शब्द आपण विक्रम, दप्तर आणि तबकडी अशा तीन अर्थांनी वापरतो, म्हणून तो जसाच्या तसा ठेवणेही धोक्याचे आहे. मी दोन शब्द सुचवतो आणि त्यांच्यातील सीमा पाळावी, असा माझा आग्रह आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या प्रस्तावावर, कोणत्या बाजूने मत दिले, याची यादी म्हणजे 'मतनोंद'. त्या यादीवरून आपण जो निष्कर्ष काढतो, ती 'मतदानातील भूमिका'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे आणि त्यामुळे तिकडेही गोंधळ होतो. मराठीत दोन शब्द मिळत असतील, तर ते आपण सोडू नयेत.

क्लार्क यांचेच उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०१७ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याची सूचना देण्याचा अधिकार पंतप्रधानांना देणारे विधेयक दुसऱ्या वाचनात ४९८ विरुद्ध ११४ मतांनी संमत झाले. विरोधात मत देणारे हुजूर पक्षाचे ते एकटे सदस्य होते. पुढे पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला माघारीचा करार सभागृहात तीनदा मांडला गेला: १५ जानेवारी, १२ मार्च आणि २९ मार्च २०१९. पहिल्या वेळी तो २०२ विरुद्ध ४३२ अशा दणदणीत फरकाने पडला. तिन्ही वेळा क्लार्क यांनी कराराच्या बाजूने मत दिले. त्याच काळात जकात संघात (कस्टम्स युनियन) राहण्याचा त्यांचा स्वतःचा प्रस्ताव १ एप्रिलला २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी फेटाळला गेला.

नुसत्या मतनोंदीकडे पाहिले तर हा माणूस २०१७ मध्ये बाहेर पडण्याच्या विरोधात आणि २०१९ मध्ये बाजूने दिसतो. भूमिका मात्र बदललेली नव्हती. बाहेर पडणेच चूक, असे त्यांचे मत होते. परंतु बाहेर पडायचेच असेल तर कराराने आणि कमीत कमी तोडमोड करून पडावे, असे त्यांनी मानले. 'नोंद' आणि 'भूमिका' हे शब्द वेगळे ठेवले, तर वाचकाला हे पाहता येईल. एकच शब्द ठेवला, तर वाचक त्यांना दलबदलू ठरवील, आणि ते अन्यायाचे होईल.

'बंडखोर' या शब्दाबाबतही सावध राहावे. मराठी वाचकासाठी बंडखोर म्हणजे तिकीट नाकारल्यावर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अर्ज भरणारा आणि शेवटच्या दिवसापर्यंत मनधरणी करूनही अर्ज मागे न घेणारा. 'मत फुटले' हा प्रयोग तर मुळीच नको. मते फुटतात ती विधान परिषदेच्या निवडणुकीत, जिथे मतदान गुप्त असते आणि कोणाचे फुटले याचा शोध रात्रभर चालतो. क्लार्क सर्वांसमक्ष चालत जाऊन मत देत होते. 'पक्षादेशाविरुद्ध मत दिले' एवढेच म्हणावे.

आक्षेप

विवेचन पटले, तरी दोन शंका आहेत. 'मतनोंद' वाचताच 'मतदार नोंदणी' आठवते. शिवाय हजर नसल्याची नोंदही त्यात धरायची की नाही? मराठीत आपण 'तटस्थ राहिले' म्हणतो, तेच इथे वापरता येईल का?

त्यावर

पहिली शंका मान्य आहे. शीर्षकात 'मतनोंद' एकटा शब्द ठेवू नये. पहिल्या उल्लेखात 'सभागृहातील मतदानाची नोंद' असे पूर्ण लिहून पुढे 'मतनोंद' वापरावे. 'मतविभागणी' या शब्दाचेही असेच आहे. विधिमंडळाच्या भाषेत तो 'डिव्हिजन'साठी, म्हणजे दोन बाजू वेगळ्या करून मोजलेल्या मतदानासाठी, योग्य आहे, परंतु वर्तमानपत्रांतून तिरंगी लढतीत मते विभागली जाण्यासाठी तो इतका वापरला गेला आहे, की 'सभागृहातील' हे विशेषण जोडल्याशिवाय तो निःसंदिग्ध राहत नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर हाऊस ऑफ कॉमन्समधली पद्धत समजून घेतल्याशिवाय देता येत नाही. आवाजी मतदानाने निर्णय होत नसेल, तर सभापती विभागणी पुकारतात आणि घंटा वाजू लागते. आठ मिनिटांनी दारे बंद होतात. 'होय' म्हणणारे सभापतींच्या उजव्या हाताच्या लॉबीतून (सभागृहालगतच्या मार्गिकेतून) आणि 'नाही' म्हणणारे डाव्या हाताच्या लॉबीतून जातात. नावे नोंदली जातात आणि बाहेर पडणाऱ्यांची मोजणी दोन्ही बाजूंचे दोन-दोन टेलर, म्हणजे मोजणीसाठी नेमलेले सदस्य, करतात. टेलरांची स्वतःची मते आकड्यात धरली जात नाहीत, म्हणून बेरीज करताना फसू नये. या व्यवस्थेत तिसरी लॉबी नाही. लोकसभेत मतयंत्रावर 'तटस्थ' नोंदवण्यासाठी वेगळे बटण असते. कॉमन्समध्ये तशी सोयच नाही. काही सदस्य दोन्ही लॉब्यांतून चालत जाऊन आपली तटस्थता दाखवतात, परंतु तो अपवाद.

म्हणून एखाद्या दिवशी नाव दोन्ही याद्यांत नसेल, तर तो सदस्य आजारी असेल, परदेशी असेल, किंवा विरोधी पक्षातल्या एकाशी आपसांत ठरवून दोघेही मतदानाला गेले नसतील. खरोखर मत द्यायचे नव्हते, असेही असू शकते. यादीवरून यांतले काहीच कळत नाही. 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला; तो तिथे आहे आणि पाण्यात उतरत नाही. जो नदीवरच आला नाही, त्याला तटस्थ कसे म्हणणार? अशा ठिकाणी 'मतदानात भाग घेतला नाही' असे लिहावे. सदस्याने स्वतः कारण जाहीरपणे सांगितले असेल, तरच 'तटस्थ राहिले' म्हणावे.

तेव्हा आपल्या भाषांतरातील ते वाक्य मी असे करीन: "३ सप्टेंबर २०१९ रोजी पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यामुळे क्लार्क यांना संसदीय पक्षातून काढण्यात आले, त्यांची खासदारकी मात्र कायम राहिली." स्वल्पविरामानंतरचा भाग मूळ इंग्रजीत नसेल, तरी तो जोडावा. इंग्रज वाचकाला तो सांगावा लागत नाही, आपल्या वाचकाला लागतो.