डिस्पॅच कन्सोलची स्क्रीन : चॅनल कसे मांडावेत, पॅच कसा सांभाळावा? (सांगली, पूर नियंत्रण कक्ष)

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. पावसाळ्याआधी सांगलीतल्या एका पूर नियंत्रण कक्षाच्या कन्सोलची (सगळ्या बिनतारी चॅनलवर ऐकायच्या-बोलायच्या जागेची) स्क्रीन नव्याने लावायची आहे. दोन ऑपरेटर शेजारी-शेजारी बसतात. दोघांपुढे २४ इंची टचस्क्रीन, गूजनेक माइक, पायाचा स्विच आणि दोन-दोन स्पीकर. चॅनल एकूण आठ. त्यात कृष्णेच्या बाजूचा एक आणि शिराळ्याकडे वारणेच्या बाजूचा एक, असे दोन अ‍ॅनालॉग व्हीएचएफ रिपीटर (आलेलं बोलणं पुन्हा लांबवर पाठवणारे सेट), एक डीएमआर म्हणजे डिजिटल रिपीटर, बाकी बोटींचे सिम्प्लेक्स (रिपीटरविना थेट सेट ते सेट). सगळे सेट आयपी गेटवेला (रेडिओ नेटवर्कवर आणणाऱ्या पेटीला) जोडलेत.

तीन दुखणी आहेत. बोटीवरून हाक येते, ऑपरेटर उत्तर देतो आणि ते पाणीपातळीच्या चॅनलवर जातं. कृष्णा-वारणा पॅच केला (दोन्ही चॅनल एकमेकांना जोडले) की कुणी बोलत नसतानाही दोन्ही रिपीटर आळीपाळीने उठत राहतात, शिवाय पलीकडे पहिला शब्द तुटतो : 'अंकली'चं 'कली' होतं. आणि एकाने माइक उघडला की शेजारच्या स्पीकरमधून शिट्टी.

आणखी एक. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की बोटींचे चॅनल वर आणणारं वेगळं पान करावं का?

बिनतारी_मिरज :
पान अजिबात बदलू नका. पाणी ३० फुटांवर असो की ४५ ची धोका पातळी ओलांडलेली असो, भिलवडीची टाइल (स्क्रीनवरचा त्या चॅनलचा चौकोन) जिथे आहे तिथेच दिसली पाहिजे. गर्दीच्या वेळी माणूस नाव वाचत नाही, हात सवयीने जागेवर जातो. नेमक्या पुराच्या दिवशी मांडणी बदलली तर चुका वाढतात.

आता चुकीच्या चॅनलवर जाणारं उत्तर. पायाचा स्विच आणि माइकचं मोठं बटण फक्त 'सिलेक्ट' केलेल्या, म्हणजे बोलण्यासाठी निवडलेल्या चॅनलवर बोलतं. बोटीची हाक मात्र 'अनसिलेक्ट' (न निवडलेल्या चॅनलांच्या) स्पीकरमधून आलेली असते. ऑपरेटरला आवाज ऐकू आला म्हणून तो पाय दाबतो, आणि सिलेक्ट तर पाणीपातळी असते. प्रत्येक टाइलवर तिचं स्वतःचं ट्रान्समिट बटण असतं, ते सिलेक्टकडे न बघता त्याच चॅनलवर बोलतं. एका वाक्याचं उत्तर त्याच बटणाने द्यायचं. लांबलचक बोलणं असेल तर आधी टाइल सिलेक्ट करायची, मग पाय.

स्क्रीनवर यासाठी करायच्या गोष्टी : सिलेक्ट स्पीकर डावीकडे आणि अनसिलेक्ट उजवीकडे, दोन्हींत हातभर अंतर. अनसिलेक्टचा आवाज थोडा कमी चालेल, पण सेटिंगमध्ये किमान पातळी बांधून टाका, म्हणजे स्लायडर शून्यावर जाणारच नाही. शेवटी कोण बोललं तो आयडी कॉल संपल्यावरही टाइलवर १५ सेकंद राहू द्या. आठ टाइल चार-चारच्या दोन ओळींत बसतात. जास्त वापराच्या खालच्या ओळीत घ्या, कारण हात उचलून धरला की तासाभरात खांदा दुखतो. ट्रान्समिट बटण किमान २ बाय २ सेंटिमीटरचं हवं आणि पॅचचं बटण त्याच्या शेजारी नको.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. मल्टिसिलेक्ट आणि पॅच एक नव्हे. मल्टिसिलेक्टमध्ये तुमचा आवाज सगळ्या चॅनलवर जातो, पण त्या चॅनलवरची माणसं एकमेकांना ऐकू शकत नाहीत. पॅचमध्ये ऐकतात. दोघांचं चिन्ह आणि रंग वेगळे ठेवा. सूचना देऊन झाली की मल्टिसिलेक्ट आपोआप सुटेल असं करा, नाहीतर पुढचं खासगी बोलणंही आठही चॅनलवर जाईल.

टेलटोन_सातारा :
पॅचवर लिहितो. हा दोष गेटवेच्या सेटिंगचा आहे, स्क्रीनचा नाही. कृष्णेच्या रिपीटरवर कुणी बोललं की गेटवेच्या सेटला कॅरिअर (रेडिओ लहर) मिळतो, गेटवे वारणेचा सेट दाबतो, म्हणजे त्याचं ट्रान्समिट चालू करतो. बोलणारा थांबला तरी रिपीटरचं टेल (थोडा वेळ हवेत राहणारं शेपूट) चालूच असतं. ते संपल्यावर गेटवे वारणा सोडतो. पण तोवर वारणेच्या रिपीटरचं टेल हवेत असतं, गेटवेला तिकडून कॅरिअर दिसतो आणि तो कृष्णा दाबतो. हे चक्र कुणी पॅच तोडेपर्यंत थांबत नाही. तेवढा वेळ दोन्ही रिपीटरच्या बॅटऱ्या फुकट जातात आणि खऱ्या हाकेला जागा राहत नाही.

इलाज : रिपीटरने सीटीसीएसएस टोन (बोलण्याखालून जाणारा ओळखीचा खालचा सूर) फक्त कुणी बोलत असतानाच पाठवावा, टेल बिनटोनचं ठेवावं. मग गेटवेच्या सेटचा सीओआर (सिग्नल आला हे गेटवेला कळवणारी पिन) 'कॅरिअर' वरून 'कॅरिअर अधिक टोन' वर न्या. बऱ्याच सेटमध्ये त्या पिनचं हे प्रोग्रॅमिंग करता येतं.

पहिला शब्द तुटण्याचं कारणही टोनच. बोलणाऱ्याचा टोन आधी पहिला रिपीटर ओळखतो, मग गेटवेचा सेट, मग दुसरा रिपीटर. दर ठिकाणी साधारण १५० ते २५० मिलिसेकंद धरा, म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद गेला. टोन ६७ हर्ट्‌झसारखा खालचा असेल तर आणखी उशीर. गेटवेत ऑडिओ डिले ३०० ते ५०० मिलिसेकंद द्या. त्याने गेटवेपुढचं तुटणं थांबेल. पण गेटवेपर्यंत पोचण्याआधी जे तुटलं ते परत येत नाही. त्यावर उपाय एकच : बटण दाबून पूर्ण एक सेकंद थांबायचं, मग बोलायचं. बोटीवरच्या माणसालाही हेच शिकवा.

कृष्णाकाठ :
खूप आभार. शिराळ्याकडच्या जुन्या रिपीटरमध्ये टेलचा टोन वेगळा काढायची सोयच दिसत नाही. टेल ३ सेकंदांचं आहे. मग काय?

टेलटोन_सातारा :
मग गेटवेत लॉकआउट लावा : त्या सेटवरून बोलणं सोडल्यावर ठरावीक वेळ तिकडचा सीओआर ऐकायचाच नाही. ही वेळ टेलपेक्षा जास्त हवी, म्हणजे साडेतीन सेकंद. पण पलीकडच्याने लगेच उत्तर दिलं तर तेही त्या साडेतीन सेकंदांत गिळलं जाईल. म्हणून आधी टेलच अर्ध्या सेकंदावर आणा, मग लॉकआउट पाऊण सेकंदाचा पुरतो. आणि दोन्ही सेटचा टाइम-आउट (सलग ट्रान्समिटची मर्यादा) ६० सेकंदांवर ठेवा, एखादा सेट दाबलेलाच राहिला तर काहीतरी तोडणारं हवं. आळीपाळीचं चक्र मात्र त्याने तुटत नाही, कारण दर वेळी सेट सुटला की मोजणी पुन्हा सुरू होते.

कोयना_वायरलेस :
शिट्टीचं मी सांगतो. पहिला ऑपरेटर बोलतो ते शेजारच्या कन्सोललाही नेटवर्कवरून ऐकू येतं, तिथल्या स्पीकरमधून बाहेर पडतं आणि पहिल्याच्या माइकमध्ये शिरतं. सेटिंगमध्ये 'क्रॉस म्यूट' शोधा आणि दोन्ही कन्सोल एकमेकांच्या यादीत घाला. मग एक बोलत असताना दुसऱ्याकडे फक्त तेवढा चॅनल गप्प होतो, बाकी चालू राहतात. नुसती ए कन्सोलवर नोंद करून भागत नाही, बी वरही करा. माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर हवा. लांब ठेवून गेन (माइकचा आवाज वाढवणारं सेटिंग) वाढवला तर खोलीतला सगळा गोंगाट जातो.

'ऑल म्यूट' ३० सेकंदांनी आपोआप सुटणारं ठेवा. कायमचं गप्प करणारं बटण स्क्रीनवर असूच नये.

मिरजकरांच्या मांडणीत एक भर. ट्रान्समिटला लाल आणि इमर्जन्सीलाही लाल असेल तर घोळ होतो. ट्रान्समिटला टाइलभोवती स्थिर लाल चौकट ठेवा, इमर्जन्सीला सगळी टाइल उघडमीट होऊ द्या आणि त्यावर शब्दही लिहा. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं असतात, नुसत्या रंगावर विसंबू नका. इमर्जन्सी 'अ‍ॅक्नॉलेज' केल्यावर भोंगा थांबतो, पण प्रकरण मिटत नाही. 'क्लिअर' वेगळं ठेवा आणि त्याला दोन टप्पे द्या. डीएमआरवर इमर्जन्सीसोबत सेटचा आयडी येतो, साध्या अ‍ॅनालॉगवर वेगळं सिग्नलिंग नसेल तर काहीच येत नाही. तिथे नाव विचारूनच घ्यावं लागतं.

नावं देवनागरीत टाकणार असाल तर मर्यादा बघा. अनेक ठिकाणी १६ चिन्हांचीच जागा असते आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'आयर्विन' चार अक्षरी दिसतं पण सात चिन्हं खातं. आधी दोन-तीन नावं टाकून जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते तपासा. फुटत असतील तर 'भिलवडी', 'अंकली' अशी साधी नावंच ठेवा.

बिनतारी_मिरज :
लाल चौकटीचं मान्य. फक्त शेजारचा ऑपरेटर त्याच चॅनलवर बोलत असेल तर चौकट पिवळी दाखवा. नाहीतर दोघेही एकदम दाबतात आणि ज्याचा प्राधान्यक्रम वरचा त्याचाच आवाज जातो, दुसऱ्याला कळतही नाही. आणि पॅच चालू असेल तर दोन्ही स्क्रीनवर वरती पट्टी दिसू द्या, कोणते चॅनल आणि कुणी जोडले त्यासह. पाळी बदलताना ती पट्टी बघूनच खुर्ची सोडायची.