सोलर दिवे टाकून देण्याआधी सेल बघा

बागेतले सोलर दिवे वर्षभरात मिणमिणायला लागतात, मग टाकूनच द्यावे लागतात, असं वर एकांनी लिहिलंय. कृपा करून टाकू नका हो! आधी खालचे स्क्रू काढून आतला सेल बघा. छोट्या दिव्यांत बहुतेक वेळा १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल असतो. दमतो तो, पॅनेल आणि एलईडी ठणठणीत असतात. काहींत ३.२ व्होल्टचा लिथियम सेलही असतो, दिसायला जवळपास तसाच, म्हणून जुन्यावरचं छापलेलं वाचूनच नवा आणा. घड्याळातला साधा सेल अजिबात घालू नका, चार्ज व्हायला लागला की तो गळतो.

कोल्हापूरच्या जुलैत ऊनच नसतं, तेव्हा उजेड कमी पडणारच. खरं लक्ष ऊसाच्या हंगामात द्या. आसपास फड किंवा पाचट पेटवलं की काजळी उडत येऊन पॅनेलवर बसते. बोट फिरवलं तर काळं होतं. ओल्या फडक्यानं पुसत राहा.

आणि रस्त्याच्या दिव्याखाली लावू नका. पॅनेलवर उजेड पडत राहिला की दिवा पेटतच नाही. तुळशीपाशी, जिन्याच्या पायरीला हे छान. गेटसाठी मात्र वेगळ्या पॅनेलचा मोठाच घ्या.